हाडं ओढली आम्ही, वाचणार कोण?

या अंकाचं संपादकीय हाडांवर आहे. गुरांच्या हाडांवर. नाक मुरडायचं कारण नाही. तीन हजार वर्षं मातीत पडलेल्या हाडाला वास येत नाही. वास येतो तो त्या हाडाला हात कुणी लावायचा हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला.

तुमच्यातले बरेचजण शहरात जन्मले. गावचं मेलेलं ढोर तुम्ही ओढलं नाही, तुमच्या बापानेही ओढलं नसेल. चांगलं झालं. पण आपल्या वतनाच्या जमिनीला गावात काय म्हणायचे ते घरी जाऊन विचारा. हाडकी-हाडोळा. शब्दातच हाड. गावाचं ढोर मेलं की ते ओढायचं, सोलायचं, वाटे घालायचे, आणि हाडं टाकायची तीही गावाने दाखवलेल्या जागी. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेलं. शब्द तोंडात राहिला.

मला सवाल हा पडतो: ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गुराचा सांधा न सांधा सुरीने उलगडला, त्यांच्या ज्ञानाला कुठल्या पोथीने शास्त्र म्हटलं? एकाही नाही. तेच काम आज प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून होतं तेव्हा त्याला डिग्री मिळते, पगार मिळतो, परदेशी जाता येतं. हाड तेच. सांधा तोच. फक्त हात बदलले.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मी कॉलेजात होतो. सुट्टीत पैसे हवे होते म्हणून भीमेच्या खोऱ्यात एका उत्खननावर गेलो. काळ्या शेतांच्या मधोमध पांढुरकं टेकाड. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, राख साचली की माती पांढरी होते. म्हणून गाव म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी. आपली वस्ती पांढरीच्याही बाहेर, हे तुम्हाला सांगायला नको.

खापरं सगळ्यांत जास्त निघायची. त्यांच्या खालोखाल हाडं. मला हाडांवर बसवलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

काम असं. हाडं मऊ ब्रशने धुवायची. सावलीत वाळवायची, उन्हात ठेवली तर तडकतात. प्रत्येक तुकड्यावर खड्ड्याचा आणि थराचा नंबर बारीक अक्षरात लिहायचा. मग निवड. शेळी-मेंढी एका ट्रेमध्ये, हरीण-काळवीट दुसऱ्यात, डुक्कर, कुत्रा, मासे, शिंपले वेगवेगळे. गुरांच्या आकाराचं सगळं एकत्र. त्यातले बहुतेक तुकडे बोटाएवढे. जुन्या माणसांनी मगज काढायला नळ्या फोडलेल्या, उरलेलं कुत्र्यांनी चघळलेलं. त्या तुकड्यांना 'मोठं जनावर' यापलीकडे नाव देता येत नाही. आणि नाव देता येत नसेल तर देऊ नये, हा पहिला धडा.

दुसरा धडा: गाय-बैल आणि म्हैस ही वेगळी जनावरं, पण हाडांत ती सहज वेगळी होत नाहीत. शिंगाच्या आतला हाडाचा गाभा मिळाला तर बरं. म्हशीचा चपटा, तिकोनी. गाय-बैलाचा गोल किंवा लंबगोल. सांध्याचं टोक अख्खं मिळालं तर आकार, खाचा, कडा बघून सांगता येतं. पण नळीचा मधला तुकडा असेल तर भलाभला माणूसही वहीत 'गाय किंवा म्हैस' एवढंच लिहून पुढे जातो. त्यात नीलगाय आणि गवा ही रानातली मोठी जनावरं आणखी गोंधळ घालतात. हा गोंधळ लक्षात ठेवा. पुढे याच गोंधळावर माणसांची आयुष्यं टांगलेली दिसतील.

या सगळ्या ट्रेंच्या शेवटी एक छोटा ट्रे होता. त्यावर चिठ्ठी: 'वेगळी हाडं'. ओळखू आली पण नेहमीसारखी नाहीत, अशी. मी त्या ट्रेच्या प्रेमात पडलो.

त्यात पाठीचा एक मणका होता. मणक्यावरचा उभा काटा साधारण एकच असतो. याचा काटा टोकाला दुभंगलेला, बेचकीसारखा. त्यात एक खुराच्या वरचं बोटाचं हाड होतं. त्याच्या सांध्याच्या कडेने हाडाची झालर फुटलेली, जणू मेण वितळून कडेला गोठलं. आणि एक खालचा जबडा. गुराच्या खालच्या शेवटच्या दाढेला तीन भाग असतात. या दाढेला दोनच. मागचा भाग तुटला नव्हता, झिजला नव्हता; उगवलाच नव्हता.

आता या ट्रेसाठी तुलना हवी होती. जुनं हाड ओळखायचं तर आजच्या जनावराचा अख्खा सांगाडा शेजारी लागतो. वय, नर-मादी, कामाचं की दुधाचं, सगळं माहीत असलेला. त्यासाठी मेलेला बैल मिळवायचा, कातडं-मांस काढायचं, हाडं पाण्यात कुजवून किंवा उकळून स्वच्छ करायची. शेजारच्या गावात एक म्हातारा बैल मेला होता. संध्याकाळी चहाच्या वेळी प्रमुख माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हे तू कर. तुमच्यात सवय असते. घरचंच काम."

शिवी दिली नाही. आवाज चढवला नाही. उलट कौतुकाचा सूर होता. बाकीची पोरं चहात बघत राहिली. मला तेव्हा कळलं की पहिल्या दिवशी मला हाडांवर का बसवलं. माझं आडनाव खापरांच्या ट्रेला चाललं नव्हतं.

मी रात्रीची एसटी धरून मुंबईला घरी आलो. परत जायचं नाही असं ठरवून.

घरी आबा होते. माझे आजोबा. १९५६ नंतर त्यांनी गावकीचं काम सोडलं, सुरी मोडीत घातली आणि मुंबईला येऊन गोदीत ओझी वाहिली. ढोराच्या कामाबद्दल ते घरात कधी बोलत नसत. माझ्या वहीत त्या वेगळ्या हाडांची चित्रं होती, मापं टाकून काढलेली. वही उघडी राहिली. सकाळी बघतो तर आबा चष्मा नाकावर ठेवून बघत बसलेले.

बेचकीच्या मणक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ही वशिंडाखालची. सोलताना हितं सुरी आडकायची."

मी चाट पडलो. वशिंड हा मांसाचा आणि चरबीचा गोळा, त्यात हाड नसतं, त्यामुळे खोदकामात वशिंड सापडत नाही. पण वशिंडाच्या भागातल्या काही मणक्यांचे काटे दुभंगलेले असतात, आणि आपल्याकडच्या वशिंडवाल्या गुरांची, ज्यांना शास्त्रात 'बॉस इंडिकस' म्हणतात, ती एक महत्त्वाची ओळख मानतात. पश्चिम आशियात असा मणका सापडला की आपली वशिंडवाली गुरं तिथवर कधी पोचली यावर चर्चा होते. एका खुणेवर सगळी मदार ठेवू नये हेही तिथेच सांगतात, कारण संकरातही ती उतरते. हे मी नंतर पुस्तकात वाचलं. आबांनी ते पंधराव्या वर्षी सुरीच्या पात्याने वाचलं होतं.

मग बोटाचं हाड. "ह्यो वढीचा बैल. कडंनं झालर सुटलीया बघ. लई वर्सं जू घेतलंया ह्यानं. म्हातारा व्हऊन मेला." आणि स्वतःचा गुडघा दाबत म्हणाले, "हितं बी आसंल बघ आसलीच झालर."

दोस्तहो, हेच पुस्तकातही आहे. १९९७ साली बार्तोसिएविच, व्हॅन नीर आणि लेंटाकर या तिघांचं ओढकामाच्या गुरांच्या हाडांवरचं पुस्तक आलं. त्यांनी रोमानियातले आयुष्यभर गाड्या ओढलेले बैल घेतले, त्यांच्या पायांची हाडं तपासली. खुरावरच्या बोटांच्या सांध्याला झालर, पायाच्या नळीचं खालचं टोक पसरट, एका बाजूला जास्त. प्रत्येक बदलाला गुण द्यायचे, बेरीज करायची. एका हाडावरून ठाम बोलायचं नाही, कारण म्हातारपणानेही हाड असं होतं आणि जड अंगानेही. पण बऱ्याच हाडांत एकच गोष्ट दिसू लागली की तिथे गुरं नांगराला, गाडीला जुंपली जात होती असं म्हणता येतं. खुब्याचा सांधा घासून काचेसारखा चकाकतो, तोही याच शोधात बघतात. बैल लहानपणी खच्ची केला तर हाडांची टोकं उशिरा जुळतात, पाय लांबट आणि सडपातळ होतात. म्हणजे अंडील वळू की खच्ची बैल याचाही अंदाज नळीवरून लागतो.

विचार करा. राबणाऱ्याचं नाव कुठल्याही ताम्रपटात नाही. दान देणारा राजा आहे, दान घेणारा ब्राह्मण आहे, गावाच्या चार सीमा आहेत. नांगर ओढणारा नाही, नांगर धरणाराही नाही. पण राबणं हाडात उतरतं. पोथी खोटं बोलू शकते, झालर फुटलेलं हाड ते लपवू शकत नाही. म्हणून ही 'वेगळी' हाडं आपल्याला जवळची. वेगळी म्हणजे विचित्र नव्हे. वेगळी म्हणजे ज्यांच्यावर आयुष्याने काहीतरी लिहून ठेवलं आहे.

तिसरं चित्र, दोन भागांच्या दाढेचं. आबा म्हणाले, "ह्ये काय म्या बगितलं न्हाई बा." आणि गप्प बसले. माहीत नाही ते माहीत नाही. तो जन्मजात फरक असतो. एखाद्या ठिकाणी तो बऱ्याच जबड्यांत दिसला तर तिथली गुरं एकमेकांच्या नात्यातली, बाहेरचं रक्त कमी मिसळलेली असावीत, अशी शंका घेता येते. शंकाच.

मी आबांना ते 'घरचंच काम' सांगितलं. वाटलं, म्हणतील सोडून दे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमाला जुलमानं करावं लागलं. तुला शिकायचं हाय का? शिकायचं आसंल तर जा. पर त्येला सांग, सगळ्यांची पाळी लाव. भटाच्या पोराची बी. आन् हाडं धुनार त्योच लिवनार. न्हाय म्हनला तर सरळ निघून ये."

मी परत गेलो. हेच सांगितलं. प्रमुखांचा चेहरा पडला, पण पाळी लागली. पहिल्या दिवशी दोघांना ताप आला. तिसऱ्याने नाकाला रुमाल बांधून काम केलं आणि ते चांगलं केलं. तो आजही माझा मित्र आहे. मीही माझी पाळी केली. ज्या सुरीला आबांनी मोडीत घातलं ती मी हातात धरली, पण माझ्या अटीवर. अहवाल निघाला तेव्हा हाडांच्या प्रकरणात माझं नाव नव्हतं. आभाराच्या शेवटच्या ओळीत, स्वयंपाक्याच्या आणि वॉचमनच्या बरोबर होतं. त्यांच्या शेजारी बसायची मला लाज नाही. लाज त्यांना वाटायला हवी ज्यांनी आम्हा तिघांनाही तिथेच बसवलं.

आता आपल्याच माणसांशी थोडं भांडतो.

उत्खननावरून आल्यावर आपल्या एका कार्यकर्त्याने मला गाठलं. "कापल्याच्या खुणा आहेत ना हाडांवर? मग झालं! भटांनी गाय खाल्ली, छापून टाक." मी म्हटलं, बाबा, हाडाला गोत्र नसतं.

हाडावरची खूण काय सांगते ते नीट बघा. खुराच्या वर पायाच्या हाडाला बारीक गोल चरे असतील तर कातडं काढलंय. सांध्याजवळ घाव असतील तर तुकडे पाडलेत. नळीच्या अंगावर लांबट चरे असतील तर मांस उतरवलंय. ओलं हाड फोडलं तर ते तिरकं, वळसा घेत फुटतं. वाळलेलं हाड सरळ तुटतं. काळं पडलेलं हाड जळलंय, पांढरं झालेलं फार मोठ्या आचेत गेलंय. कुत्र्याच्या दाताचा खळगा वेगळा, सुरीचा चर वेगळा. भिंगाखाली सुरीचा चर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसतो. गुरांनी तुडवलेल्या हाडावरही रेघा उठतात, झाडाची मुळंही नक्षी काढतात, त्यांना सुरी समजायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: जनावर कापून मारलं की आपोआप मेलं, हे निव्वळ या चऱ्यांवरून कळत नाही. मेलेलं ढोर सोलणाऱ्या माणसाची सुरी आणि कसायाची सुरी हाडावर सारखीच उमटते. त्यासाठी वयांचा हिशेब लागतो. तरुण नर जास्त मेलेले दिसले तर मांसासाठी पाळले असं म्हणता येतं. म्हातारी जनावरं जास्त असतील तर आधी दूध आणि ओढकाम.

परदेशात काही जुन्या गुरांच्या कवटीला मागच्या बाजूने भोकं सापडली. लगेच काहींनी म्हटलं, जुवाच्या दाबाने पडली. पुढे कळलं की ती जन्मजातही असू शकतात. वाद चालू राहिला. आपल्याकडे तर जू डोक्यावर नसतंच, मानेवर वशिंडाच्या पुढे असतं. म्हणजे दुसऱ्याच्या बैलाचं अनुमान आपल्या बैलाला चिकटवलं तर फसगत. घाई केली की विज्ञानाचीही पोथी होते.

मग हाडं आपल्याला काहीच देत नाहीत का? भरपूर देतात. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांचं गाव होतं. तिथल्या हाडांत गुरांची हाडं भरपूर, त्यांवर कापल्याच्या खुणा, काही जळलेली. शेवटच्या काळात दिवस फिरले, पाऊसपाणी कमी झालं, तशी शेळ्या-मेंढ्यांची हाडं वाढली. त्याच गावात एका भांड्यावर बैलगाडीचं चित्र कोरलेलं मिळालं. त्याच गावात एका घरात मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची मातीची देवी मिळाली, आणि तिच्यासोबत मातीचा बैल. बैल राबवत होते, बैल पूजत होते, आणि गुरांचं मांस खातही होते. महाराष्ट्राच्या मातीतल्या पहिल्या शेतकऱ्यांचा हा संसार. ज्यांना 'आमची परंपरा' म्हणून छाती बडवायची आहे त्यांनी आधी इनामगावच्या चुलीजवळ वाकून बघावं.

उत्तरेत हस्तिनापूर. महाभारतातलं म्हणून मिरवतात ते. बी. बी. लाल यांनी १९५० ते ५२ मध्ये तिथे खोदलं. तिथे मिळालेल्या गुरांच्या हाडांवर कापल्याच्या आणि जळल्याच्या खुणा असल्याची नोंद सरकारी पुरातत्त्व खात्याच्या प्रकाशनातच आहे. ती कुणा विद्रोही पोराने केलेली नाही. आणि प्राध्यापक डी. एन. झा यांनी अशी हाडं आणि वेदांपासूनचे संस्कृत ग्रंथ समोरासमोर ठेवून पुस्तक लिहिलं तेव्हा २००१ साली काय झालं? धमक्या आल्या, प्रकाशकाने अंग काढून घेतलं, कोर्टाची बंदी आली, आणि पुस्तक २००२ साली लंडनहून निघालं. खोटं होतं म्हणून नव्हे. खरं पचत नाही म्हणून.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि अस्पृश्यतेचा धागा गोमांसाशी नेऊन जोडला. मेलेल्या गाईचं मांस खाणारे 'वाताहत झालेले लोक' अस्पृश्य ठरवले गेले, हा त्यांचा सिद्धांत. त्यांनी तो कसा मांडला ते बघा. पुरावे मांडले, दुवे कुठे तुटतात ते कबूल केलं, तिथे अनुमान का करावं लागतं ते सांगितलं, आणि आपला शब्द शेवटचा नाही असंही प्रस्तावनेत लिहून ठेवलं. ही आपली परंपरा. मग आपण एक चर दिसला म्हणून निकाल छापायचा? सनातन्यांच्या खोट्याला आपल्या अर्धवटाने उत्तर दिलं तर लढाई बरोबरीत सुटते. आपल्याला ती जिंकायची आहे.

आणि हे जुन्या थरापुरतं नाही.

१५ ऑक्टोबर २००२. हरियाणात झज्जर जिल्ह्यातली दुलिना पोलीस चौकी. गाय मारल्याची आवई उठली आणि पाच दलितांना जमावाने ठेचून मारलं. दसऱ्याचा दिवस. गाय कशी मेली हे ठरवायला त्यानंतर गाईचं शवविच्छेदन झालं. पाच माणसं मेली ती पोलिसांच्या डोळ्यांदेखत.

११ जुलै २०१६. गुजरातेत उना तालुक्यातलं मोटा समढियाळा. मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून, गाडीला बांधून फटकावलं, त्याची चित्रफीत काढून मिरवली. ती गाय सिंहाने मारली होती, असं नंतर तपासात पुढे आलं. बघा, सवाल तोच. दात की सुरी? उत्खननावर या सवालासाठी आम्ही भिंग घेऊन तासभर बसायचो. तिथे एका मिनिटात निकाल लागला, आणि निकाल हाडावर नव्हता, जातीवर होता. मग गुजरातच्या आपल्या माणसांनी मेलेली ढोरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. तुमची गाय, तुम्हीच उचला. आम्हाला जमीन द्या.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हैस त्यातून बाहेर आहे. म्हणजे एखाद्या पिशवीतलं मांस किंवा हाड गाय-बैलाचं की म्हशीचं, यावर माणूस घरी जाणार की जेलात, हे ठरतं. मघाशी सांगितलेला 'गाय किंवा म्हैस' हा वहीतला साधा शेरा आठवा. तो तुकडा कुणाच्या हातात जातो, तो प्रामाणिकपणे 'कळत नाही' म्हणतो की दबावाखाली नाव देतो, यावर कुणाचं तरी घर उभं राहतं किंवा कोसळतं. त्या टेबलापाशी आपलं कुणी बसलेलं आहे का?

कुणी म्हणेल, म्हणजे पुन्हा ढोरं फाडायला जा म्हणता काय? नाही. हजारदा नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेने सांगितलं की ज्याचं जनावर त्याने पुरावं. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी 'केसरी'तल्या त्या जुन्या हिशेबाची आठवण काढली: मेलेल्या ढोरांचं कातडं, मांस, शिंगं, हाडं यांतून वर्षाला ५०० रुपये सुटतात, ते महार का सोडतात म्हणून गळा काढणारा हिशेब. एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच घ्या, हा त्यावरचा बाबासाहेबांचा रोकडा जवाब होता. बरोबर ४६ वर्षांनी त्याच तारखेला दुलिना घडलं, हे विसरू नका. गुलामीचं काम सोडलं ते योग्यच केलं. पण काम सोडताना त्यातलं ज्ञानही आपण लाजेने मातीत पुरलं, आणि ते दुसऱ्यांनी उकरून डिग्रीला लावलं. मी ज्ञान परत मागतो आहे. काम नव्हे.

म्हणून तीन गोष्टी सांगतो, आणि त्या करायच्या आहेत, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

एक. तुमच्या घरात, वस्तीत, गावाकडे कुणी म्हातारं माणूस हे काम केलेलं उरलं असेल तर त्याच्यापाशी बसा. हाडांची नावं, सांध्यांची नावं, सुरी कुठून कुठे फिरवायची तो क्रम, आजारी जनावर आतून कसं दिसायचं, चान्या कशा वाळवायच्या, सगळं लिहून घ्या, त्याच्याच बोलीत. जो सांगेल त्याचं नाव वर घाला. आभाराच्या शेवटच्या ओळीत नको. पुढच्या अंकापासून आपण हे छापू. आबा गेले तेव्हा माझ्या वहीची पाच पानं भरली होती. पन्नास भरायला हवी होती. चूक माझी.

दोन. तुमच्यातले जे शिकतायत त्यांनी पुरातत्त्व, पशुवैद्यक, न्यायवैद्यक या वाटा बघा. इंजिनिअरिंग आणि बँकेच्या परीक्षा आहेतच. पण हाडाची भाषा वाचणारे चार जण आपल्याकडे हवेत. सुरुवात घरातून होते. पुढच्या वेळी मटणाच्या ताटात नळी आली की चोखून टाकून देऊ नका. धुवा, सांधा बघा, कुठे घाव आहे बघा, वहीत चित्र काढा. शेळीचा पाय ओळखला की बैलाचा ओळखायला वेळ लागत नाही.

तीन. कुठे कामाला गेलात आणि घाण काम तुमच्याकडेच 'सवयीचं' म्हणून सरकवलं, तर आबांचं वाक्य पाठ करून ठेवा. सगळ्यांची पाळी लाव. हाडं धुनार त्योच लिवनार.

तो दुभंगलेला मणका आणि झालर फुटलेलं बोट अजून कुठल्या तरी कपाटात खोक्यात असेल. त्यावर माझ्या अक्षरातला नंबर आहे. नाव नाही. त्या खोक्याचं झाकण पुन्हा उघडेल तेव्हा समोर बसणारा पोरगा किंवा पोरगी आपल्यातली असावी, आणि अहवालाच्या पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव, आडनावासकट, छापलेलं असावं. एवढ्यासाठी हे संपादकीय.

जय भीम.